घरपट्टी निम्म्यावर आणून देतो म्हणणारा तुमच्याही दारात येईल

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात नगरपरिषदेने चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या कर आकारणीच्या नोटिसा वाटल्या आणि गल्लीत एकच गलका उडाला. आमची घरपट्टी साडेतीन हजारांवरून एकदम नऊ हजारांच्या पुढे. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा पारा चढलेला. नेमका त्याच आठवड्यात तो उगवला. गळ्यात पट्टा, ओळखपत्र मात्र उलटं लटकलेलं, हातात गल्लीतल्या मालमत्ता क्रमांकांची यादी. म्हणाला, "मोजणी ज्या एजन्सीने केली तिथेच होतो मी. आत माणसं आहेत. निम्म्यावर आणून देतो, घरटी अडीच हजार."

यादी खरी होती, तिथेच लोकांचा विश्वास बसला. पण आकारणी यादी हरकतींसाठी सगळ्यांना पाहायला खुलीच ठेवलेली असते. कुणीही जाऊन उतरवून घ्यावी.

हरकतीचा अर्ज तो छापूनच घेऊन आला होता. अण्णांची सही घेतली, पैसे घेतले आणि पुढे 'पोच'ही आणून दिली: गोल शिक्का, जांभळी शाई, कोपऱ्यात कुणाची तरी सही. जाताना बजावलं, "सुनावणीला येऊ नका काका, साहेब चिडतात. मी बघतो सगळं." घात झाला तो या वाक्याने. माणूस ऑफिसात फिरकलाच नाही तर बनाव उघडा कसा पडणार?

यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी कायद्याने किमान ३० दिवस मिळतात. ते त्याच्या भरवशावर निघून गेले. बिल आलं ते नऊ हजारांचंच, आणि त्याचा फोन बंद. मी पोच घेऊन कर विभागात गेलो. लिपिकाने ती उलटसुलट करून पाहिली. "आवक क्रमांक कुठाय?" शिक्क्यातली ती जागा कोरीच होती. त्याने आवक रजिस्टर ओढलं, पानं चाळली, आमच्या नावाचा अर्जच नाही. तारीख बघितली तर तो रविवार! शेजारच्या काकूंच्या पोचेवरही तीच तारीख, तीच सही.

चीड याची येते की आमची केस अगदी सरळ होती. आकारणीचा तपशील मागून घेतला, तर मागची पत्र्याची शेड आरसीसी म्हणून धरलेली आणि वरचा मजला, जिथे माझा भाऊ राहतो, तिथे चक्क भाडेकरू दाखवलेला. बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवरून दर लागतो, त्यावरून वार्षिक भाडं काढतात, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य येतं आणि कर बसतो त्या मूल्यावर. वरचे दोन रकाने चुकले की खालचं सगळंच चुकतं. साध्या कागदावर हरकत आणि सोबत शेडचा फोटो, एवढ्यावर भागलं असतं. मागच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींनी तेच केलं. स्वतः सुनावणीला गेले, उघडी गच्ची खोली म्हणून मोजली होती ती वगळून घेऊन आले. साहेब चिडलेबिडले काही नाहीत.

अपिलाची वाट आहे, पण तिथे पहिला सवाल हाच की मुदतीत हरकत घेतली होती का. म्हणून आम्ही सध्या नोंद दुरुस्तीचा अर्ज दिलाय (आवक क्रमांक डोळ्यांदेखत टाकून घेतला) आणि बिल हक्क राखून भरून टाकलंय. थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती (दंड) चढते, ती कशाला अंगावर घ्या.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. गल्लीतल्या बहुतेकांनी रोख दिले, त्यांच्याकडे पुरावा म्हणून फक्त ती खोटी पोच. दोघं-तिघं रागाने फाडायला निघाले होते, त्यांना थांबवलं. बनावट शिक्का हा वेगळा गुन्हा आहे, तो कागद लागणारच. काकूंनी यूपीआयने पैसे पाठवले होते. ते कुण्या बाईच्या खात्यात गेल्याचं निघालं, तपासाला सध्या तेवढाच धागा.

शेजारच्या तालुक्यात आता नोटिसा निघाल्यात आणि तसाच एक जण तिथे फिरतोय असं पाहुण्यांनी सांगितलं. दर तेवढा वाढलाय: घरटी तीन हजार.