फेअर आयल की हेल्गोलँड?

स्थलांतरातले दुर्मीळ पक्षी बघायला युरोपातल्या या दोन बेटांपैकी कुठे जावं? सुट्टी आठवड्याचीच असेल तर हेल्गोलँड. दोन आठवडे हाताशी असतील आणि तीन-चार दिवस रिकामे गेले तरी चालणार असेल, तर फेअर आयल. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ दोन्हीकडे उत्तम.

आधी व्हिसा. फेअर आयल ब्रिटनमध्ये, हेल्गोलँड जर्मनीत. भारतीय पासपोर्टवर पहिल्याला ब्रिटिश व्हिसा, दुसऱ्याला शेंगेन. एकावर दुसरं होत नाही.

हेल्गोलँडला जर्मन किनाऱ्यावरच्या कुक्सहाफेनहून मोठं जहाज जातं, साधारण अडीच तासांत. हॉटेलं भरपूर, मोटारी नाहीत, सायकललाही बंदी. मुख्य बेट जेमतेम 1 चौरस किमी, शेजारी ड्यूनं हे वाळूचं छोटं बेट. त्यामुळे दुर्मीळ पक्षी दिसल्याची खबर आली की बहुतेकदा अर्ध्या तासात तिथे पोचता येतं. दिवसभराच्या प्रवाशांची गर्दी असते, पण ते संध्याकाळी परत जातात; मुक्काम केलात तर पहाट तुमचीच.

फेअर आयल स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड आणि ऑर्कनी या द्वीपसमूहांच्या मधोमध, सुमारे 5 किमी लांब. शेटलंडमधल्या टिंगवॉलहून छोटं विमान अर्ध्या तासाच्या आत पोचवतं. तिथल्याच ग्रटनेस बंदरातून बोटीला अडीच तास लागतात आणि ती भरपूर हलते. धुकं आलं की विमान नाही, वारा चढला की बोट नाही. म्हणून परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी किमान दोन दिवस मोकळे ठेवा. पक्षी वेधशाळेची (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं केंद्र, इथे पाहुणेही राहतात) जुनी इमारत मार्च 2019 मध्ये जळाली. तिच्या जागी नवी बांधली आहे. राहायच्या जागा एकूणच मोजक्या, तेव्हा खोली पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नका.

खरा फरक पक्षी बघण्यात आहे. हेल्गोलँडवर झाडं-झुडपं आहेत. पानाआडची हालचाल टिपावी लागते, मान दुखते. फेअर आयलवर झाडं जवळजवळ नाहीतच. पिवळ्या भुवईचा पर्णवटवट्या, पंखावर दोन फिकट पट्ट्या मिरवत, कड्याच्या खाचेत उघड्या दगडावर माश्या टिपताना दिसतो. लॅन्सिओलेटेड वटवट्या तर ओल्या गवतातून उंदरासारखा सरपटतो, कधी अगदी बुटाजवळून. इथे दगडी कुंपणं, चर आणि सलगमाचे वाफे सावकाश चालत पालथे घालायचे. शेतकऱ्यांच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरायचं नाही. कमरेखालचे जलरोधक कपडे आणि गमबूट हवेतच. 8×42 दुर्बीण पुरते.

वाऱ्याचं गणित दोन्हीकडे सारखं. स्कँडिनेव्हियावर उच्च दाब, पूर्व किंवा आग्नेयेचा वारा आणि वाटेत पाऊस किंवा धुकं असं जुळलं की थकलेले पक्षी बेटावर उतरतात. आकाश निरभ्र आणि वारा पाठीशी असेल तर ते वरूनच निघून जातात. पश्चिमेचा वारा धरून बसला की फेअर आयल ओस पडतं, क्वचित वाट चुकलेला एखादा अमेरिकी पक्षी तेवढा हाती लागतो. हेल्गोलँडवर मात्र साध्या दिवशीही कस्तूर आणि गोल्डक्रेस्ट हा चिमुकला पक्षी बरेचदा मिळून जातात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ब्लिथचा बोरू वटवट्या आपल्याकडे हिवाळाभर झुडपाझुडपांत चक्-चक् करतो. फेअर आयलवर तोच दिसला तर सगळे कॅमेरे घेऊन धावतात. लाल छातीचा माशीमारही आपल्याकडे हिवाळ्यात येतो, तिकडे मात्र मोजकाच. या दोघांसाठी वाट वाकडी करू नका, तो वेळ गवतातल्या लॅन्सिओलेटेडला द्या.