पेत्राची दोन भयं

माणसाचं भय आणि देवाचं भय यांतला फरक पाहायला दोन माणसं लागत नाहीत. येशूचा शिष्य पेत्र एकटा पुरे.

येशूला पकडून नेलेलं. महायाजकाच्या, म्हणजे यहुद्यांच्या मुख्य धर्मगुरूच्या, वाड्यात शेकोटी पेटलेली. एक दासी पेत्राला म्हणते, तूही येशूबरोबर होतास ना? तिच्या हातात तलवार नाही, काठी नाही. तरी कोंबडा आरवेपर्यंत पेत्र तीनदा नाकारतो. माणसाचं भय समोरच्याची ताकद मोजत बसत नाही. ‘लोक काय म्हणतील’ एवढंही त्याला पुरतं.

देवाचं भय धरलेला तोच पेत्र पुढे, येशूच्या नावाने शिकवू नका असं बजावणाऱ्या यहुदी न्यायसभेला सांगतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे (प्रेषितांची कृत्ये 5:29). फटके बसतातच, ही बाजू स्वस्त मुळीच नाही. पण या भयाने माणूस दबत नाही. शरीर आणि आत्मा दोन्हींचा नाश करू शकणाऱ्याला भ्या, असं सांगणारा येशू लगेच दमडीला विकल्या जाणाऱ्या दोन चिमण्यांवर येतो आणि म्हणतो, भिऊ नका (मत्तय 10:28–31). धाक आणि माया एकाच दमात!

आणि सैतान? करणीला, अमावस्येला बिचकणारे ख्रिस्ती मी पाहिलेत. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा निकाल छोटा आहे: देवाच्या अधीन व्हा, सैतानाला अडवा, तो पळेल (याकोब 4:7).

पेत्राचं माणसांचं भय मात्र न्यायसभेपुढेच संपलं नाही. पुढे अंत्युखियात, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसं येताच, त्यांच्या भयाने तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठू लागला. प्रेषित पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर सुनावलं (गलतीकरांस 2:11–14).