एनएफ-कॅपा-बी रिपोर्टर सेल लाइन, सहा महिने वापरून झाल्यावर

आमच्या लॅबमध्ये सहा महिने ही लाइन (एनएफ-कॅपा-बी, म्हणजे दाहाचे जीन्स चालू करणारं प्रोटीन, जागं झालं की उजेड देणाऱ्या पेशी) चालू आहे म्हणून लिहितेय, कारण घेण्याआधी मला नीट मराठीत सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. हेक २९३ या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत मुळात टीएलआर-४, म्हणजे बॅक्टेरियाची चाहूल घेणारा रिसेप्टर, नसतो, तो एमडी-२ आणि सीडी-१४ या मदतनीस प्रोटीन्ससोबत यात घातलाय, आणि एनएफ-कॅपा-बी डीएनएला जिथे चिकटतो तो तुकडा ल्युसिफरेज या उजेड पाडणाऱ्या एन्झाइमच्या जीनआधी जोडलाय. सिग्नल पोचला की पेशी ल्युसिफरेज बनवतात, सबस्ट्रेट (ज्यावर ते काम करतं तो पदार्थ) टाकून उजेड मोजायचा, झालं.

एलपीएस (बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातला, टीएलआर-४ ला जागं करणारा घटक) टाकून सहा तासांनी रीडिंग घेतलं तर कंट्रोलपेक्षा इतका स्वच्छ फरक की मला खरंच आनंद झाला, वेस्टर्न ब्लॉट या प्रोटीन तपासायच्या पद्धतीची दोन दिवसांची मारामारी वाचली. हा सिग्नल रोखणारे इनहिबिटर चाळायचे असतील तर डोळे झाकून घ्या.

पण एक गोष्ट यात दिसत नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यात सुंदर आहे. एरवी आयकॅपाबी हे प्रोटीन एनएफ-कॅपा-बीला सायटोप्लाझममध्ये अडकवून ठेवतं, सिग्नल आला की आयकेके हे एन्झाइम आयकॅपाबीवर फॉस्फेट लावतं, मग युबिक्विटिन हे 'मोडून टाका' सांगणारं लेबल लागतं, प्रोटिअझोम हे पेशीतलं प्रोटीन मोडणारं यंत्र त्याचा फडशा पाडतं आणि सुटलेला एनएफ-कॅपा-बी न्यूक्लियसमध्ये शिरून दाहाचे जीन्स चालू करतो. त्या जीन्समध्ये आयकॅपाबी-अल्फाचा जीनपण असतो! म्हणजे तो स्वतःच स्वतःला आवरणारं प्रोटीन बनवून घेतो, ते त्याला परत बाहेर ओढून आणतं, आणि टीएनएफ (दाहाचा संदेश देणारं प्रोटीन) सतत मिळत राहिलं तर ही ये-जा साधारण १०० मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. कुठला जीन किती वेळ चालू राहणार हे बरंचसं या तालावर ठरतं. साधं ल्युसिफरेज मात्र काही तास टिकतं, त्यामुळे जुन्यावर नवं साचत जातं आणि ग्राफ नुसता चढत राहतो. पत्रकावर रिअल-टाइम लिहिलंय ते मला पटलं नाही, ताल बघायचा तर पी-६५ या एनएफ-कॅपा-बीच्याच एका भागाला फ्लुरोसंट टॅग लावलेल्या पेशी लाइव्ह मायक्रोस्कोपखालीच बघाव्या लागतात.

अजून एक, ई. कोलाय या बॅक्टेरियामध्ये बनवलेलं एक प्रोटीन टाकलं तर भरपूर उजेड आला, आम्ही महिनाभर त्याच्यामागे, शेवटी पॉलिमिक्सिन-बी (एलपीएसला निकामी करणारं अँटिबायोटिक) घालून बघितलं तर सगळं विझलं, प्रोटीनमध्ये एलपीएस होतं. यात पेशींचा दोष नाही, त्या फारच संवेदनशील आहेत, तो कंट्रोल पहिल्याच दिवशी ठेवा.

माझ्याकडून चार स्टार. आल्या आल्या सुरुवातीच्या पॅसेजच्या (पॅसेज म्हणजे पेशी वाढल्या की नव्या डिशमध्ये हलवायची एक खेप) भरपूर व्हायल्स फ्रीझ करा आणि सिलेक्शनचं अँटिबायोटिक (घातलेले जीन्स टिकवलेल्या पेशींनाच जगू देणारं) सोडू नका, आम्ही सोडलं आणि सिग्नल उतरत गेला.