उद्यमबागेत डिझेल टाकीला आतून केलेलं इपॉक्सी कोटिंग: माझा अनुभव

नंदगडला आमची ट्रॅक्टरसाठीची डिझेल टाकी आहे, ९०० लिटरची. तळाला सुईएवढी भोकं पडली म्हणून बेळगावला उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात तळाचा पत्रा बदलून आतून इपॉक्सी, म्हणजे गंज रोखणारा घट्ट रंग, मारून घेतली. मी तेलवाहू जहाजावर पंपमन, म्हणजे तेलाचे पंप सांभाळणारा, आहे, टाकीतला गंज बघण्यात वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

तळ खातं ते तेल नव्हे, तेलाखाली साचलेलं पाणी. जहाजातही तसंच. कच्च्या तेलातून सुटलेलं खारं पाणी खाली बसतं, त्यात हवेविना जगणारे जिवाणू वाढतात आणि पत्र्याला खड्डे पडतात. वर डेकखाली रात्री घाम धरतो, त्यात तेलातला गंधकाचा वायू मिसळतो आणि लोखंडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून तर २०१३ पासून बांधणीचा करार झालेल्या, ५,००० टनांच्या आणि त्यावरच्या कच्च्या तेलाच्या जहाजांना टाकीचं छत आणि तळ रंगवणं किंवा गंज कमी धरणारं पोलाद वापरणं सक्तीचं आहे.

वर्कशॉपवाल्यांचं मला सगळ्यात आवडलं ते हे: कटर लावायच्या आधी टाकी वाफेने धुतली, झाकण उघडं ठेवून वारा दिला. रिकाम्या टाकीतली डिझेलची वाफ माणूस घेते, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ब्लास्टिंगही, म्हणजे कणांच्या माऱ्याने गंज काढणं, पांढरट राखाडी पत्रा दिसेपर्यंत केलं. जूनचा पाऊस लागला तेव्हा मालकांनी चार दिवस रंगाला हात लावला नाही. "पत्रा ओला हाय, आज मारलो तर वर्षात सुटतंय बघा," म्हणाले. आमची नांगरट खोळंबली, पण ते बरोबर होते. रंगाची जाडी मीटरवर ३०० ते ३५० मायक्रॉन भरली. जहाजाच्या बॅलास्ट टाकीला, म्हणजे तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात तिला, ३२० मागतात.

दोन गोष्टी मात्र मला सांगून करून घ्याव्या लागल्या. धारदार कडेवर रंग पातळ होतो, गंज तिथूनच शिरतो. म्हणून झाकणाची कड घासून गोल करायला लावली आणि वेल्डिंगवर स्प्रेच्या आधी ब्रशने एक हात मारून घेतला. दुसरं, पाणी सोडायचा कॉक त्यांनी तळापासून दोन इंच वर जोडायला काढला होता. म्हणजे दोन इंच पाणी कायमचं आतच! रंगाच्या आधी तो तळाच्या सखल कोपऱ्यात घेतला.

पत्र्यासकट साडेचौदा हजार झाले. आता दर रविवारी कॉक उघडून पेलाभर पाणी सोडतो.