जळगावहून स्वस्त विमान: मुंबई की हैदराबाद?
नव्या स्वस्त विमानकंपनीने जळगाव-मुंबई मार्ग निवडला, तर तिची खरी स्पर्धा रेल्वेशी होईल; कारण मुख्य लोहमार्गावरील हा सुमारे ४२० किलोमीटरचा प्रवास रात्रीच्या झोपेत उरकतो आणि मुक्कामाचा खर्चही वाचतो. शिवाय मुंबई विमानतळावर सोयीच्या वेळा मिळणे कठीण. हैदराबादचा रेल्वेप्रवास मात्र लांबचा असल्याने, सोने किंवा डाळीचा व्यापारी वाचलेल्या दिवसासाठी अधिक भाडे आनंदाने देईल. तेथेही १८० आसनांचे एअरबस नव्हे, तर सुमारे ७० आसनांचे एटीआर हे छोटे, पंख्यांचे विमान हवे; त्याला इंधन कमी लागते आणि आखूड धावपट्टीही पुरते. माझा कौल निःसंशय हैदराबादला आहे. परंतु लहान शहरांच्या विमानसेवेसाठी असलेल्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेचे अर्थसाहाय्य तीनच वर्षे मिळत असल्याने, तेवढ्या काळात उड्डाणे नियमित ठेवून प्रवासी जोडावेच लागतील.