कॅन की एअरब्रश? बडोद्याच्या हवेत बॉडी रंगवताना

प्लास्टिकच्या किटमधून गाडीचं मॉडेल जोडताना सांधे बुजवता येतात, डेकल (बॉडीवर चिकटवायची चित्रं-अक्षरं) सरळ बसतात, सीटा आणि डॅशबोर्ड ब्रशने बरे रंगवता येतात. अडतं ते बॉडीपाशी. ब्रशने रंगवलेली बॉडी हातभर अंतरावरूनही ब्रशने रंगवलेलीच दिसते. मग प्रश्न उरतो तो स्प्रे कॅन घ्यायचा की एअरब्रश, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणारी छोटी गन. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि मी दोन्ही वापरतो. पण बडोद्यात राहून १/२४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, गाड्या करणाऱ्याने नव्याने सुरुवात करायची म्हटली, तर पैसे कुठे घालावेत याबद्दल माझं एक मत झालंय.

आधी कॅनच्या बाजूने बोलतो, कारण त्याला उगाच कमी लेखलं जातं. तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या टीएस मालिकेतला १०० मिलीचा कॅन थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवला (कोमटच, कढत नाही), भरपूर हलवला आणि मारला, तर पहिल्याच गाडीवर जी चकाकी येते ती एअरब्रशने यायला मला बराच काळ जावा लागला. कॅन एका वेळी पुष्कळ रंग टाकतो, थेंब ओले असतानाच बॉडीवर पोचतात, एकमेकांत मिसळतात आणि थर आपोआप सपाट होतो. एअरब्रशचा थेंब बारीक असतो. हात जरा लांब राहिला की तो वाटेतच वाळतो आणि छपरावर बोट फिरवलं तर खरखर लागते. शिवाय कॅनला थिनर किती, दाब किती, सुई कुठली, यातलं काहीच विचारावं लागत नाही. काम झालं की कॅन उलटा धरून नोझल मोकळं करायचं, टोपण लावायचं, संपलं. टीएस-१४ काळा, टीएस-२६ पांढरा, टीएस-१३ क्लिअर (वरून मारायचा पारदर्शक थर) एवढे तीन घरात असले तरी बरंच काही होऊन जातं.

कॅनच्या तक्रारी सुरू होतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या गाडीपासून. थर जाड बसतो. १/२४ मध्ये दाराच्या आणि बॉनेटच्या रेघा मुळातच केसाएवढ्या. प्रायमर, रंग, क्लिअर असं सगळं कॅनने मारलं की त्या बुजत जातात आणि वर काळा वॉश (रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यात भरायचा पातळ रंग) भरायला खाच उरत नाही. म्हणून कॅनवाल्याने रंगाआधी सगळ्या रेघा स्क्रायबरने खोल करून घ्याव्यात. एअरब्रशवाल्याला हे काम निम्म्यावर येतं. दुरंगी गाडी असेल तर टेप काढल्यावर दोन रंगांच्या सीमेवर चक्क बांध उभा राहतो. आणि डेकलवर लॅकर क्लिअर मारायचा असेल तर कॅनच्या ओल्या माऱ्याखाली डेकल सुरकुतण्याची धास्ती असते. तिथे आधी दोन-तीन अगदी हलके, कोरडे फवारे मारून डेकल झाकून घ्यावे लागतात, आणि हलका फवारा हेच कॅनला नीट जमत नाही.

कस्टम करणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. एएमटी या अमेरिकन कंपनीने १९५८ मध्ये १/२५ ची ‘थ्री इन वन’ किटं काढली, एकाच डब्यात स्टॉक, कस्टम आणि रेसिंग असे तीन पर्याय. तेव्हापासून या छंदात खोक्यावरच्या चित्रासारखीच गाडी करायची सक्ती कुणावर राहिलेली नाही. आपल्यालाही शेवटी आपलीच गाडी हवी असते. अँबेसिडरचा तो किंचित पिवळट पांढरा, किंवा लहानपणी गल्लीत उभ्या असलेल्या पद्मिनीचा फिकट निळा, हे कुठल्याही जपानी कॅनमध्ये मिळायचे नाहीत. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात ‘२१ गन सॅल्यूट’चं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दुरंगी गाड्या बघून घरी आल्यावर कॅनची यादी चाळणं म्हणजे मनस्ताप. एअरब्रश असेल तर रंग आपण मिसळायचा. गाड्यांचे रंग करून देणारा दुकानदारही कोड सांगितला की लहान बाटलीत हवी ती छटा देतो. फक्त त्या रंगाचा थिनर कडक असतो, प्लास्टिक खातो, तेव्हा खाली चांगला प्रायमर हवा आणि पहिले थर हलके. खऱ्या गाडीच्या मेटॅलिक रंगातली चमकीही १/२४ वर फार मोठी दिसते. साधे रंग घ्यावेत, मेटॅलिक मॉडेलवाल्यांचेच बरे. चंदेरीवर कँडी, म्हणजे पारदर्शक, रंग चढवायचा असेल तर कॅनचा विचारच नको. तिथे प्रत्येक थराने छटा गडद होते, एक पट्टा दुबार पडला की तो कायमचा दिसतो.

एवढं वाचून वाटेल की निकाल लागलाच. तसा तो लागत नाही, कारण एअरब्रश हे तापदायक जनावर आहे. खर्च आधी येतो: टाकीवाला कॉम्प्रेसर, ०.३ मिमी नोझलची गन, नळी, पाणी अडवणारा फिल्टर, बूथ (फवारा आणि वाफा ओढून घेणारा पंख्याचा खोका), आणि सेंद्रिय वाफा शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्क. हा शेवटचा ऐच्छिक नाही, आणि करोनातला उरलेला मास्क इथे कामाचा नाही. मग धुणं. दहा मिनिटं रंगवायचं आणि जवळजवळ तेवढाच वेळ थिनर ओतत, सुई ओढत, नोझल पुसत बसायचं. एका संध्याकाळी तीन रंग म्हणजे तीनदा हेच. आमच्याकडे कॉम्प्रेसरची वेळसुद्धा ठरलेली आहे, कारण दुपारी बाबांची वामकुक्षी असते. तो यंत्रापेक्षा फ्रिजसारखाच वाजतो, पण टाकी भरायला अधूनमधून अचानक सुरू होतो आणि नेमका तोच क्षण झोप लागण्याचा असतो. एवढा त्रास बघून मी बरीच वर्षं कॅनवरच होतो आणि खूशही होतो.

मला खरं हलवलं ते अगाशीने.

कॅन घरात मारता येत नाही. १०० मिलीतला जो रंग बॉडीवर जात नाही तो हवेत जातो, तोही कडक लॅकरच्या वासासकट. छोटा बूथ एवढा मारा ओढू शकत नाही. म्हणजे अगाशीवर जायचं. आणि फ्लॅटच्या अगाशीवर हे काम बडोद्यात वर्षातून किती दिवस करता येतं, याचा हिशेब करायला बसा.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत नाव नको. पाऊस नसला तरी हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असतो. लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, त्या गारव्यावर हवेतलं पाणी बसतं आणि थरात अडकतं. वाळल्यावर काळी गाडी राख फासल्यासारखी पांढुरकी. रंग कुठल्याही कंपनीचा असो, हे होणारच. दोष हवेचा आहे. ऑक्टोबर चांगला. नोव्हेंबर, डिसेंबर सकाळी उशिरा छान. पण डिसेंबर अर्धा झाला की अगाशी पतंगवाल्या पोरांची होते, आणि १४-१५ जानेवारीला, उत्तरायण आणि वासी उत्तरायणला, तिथे अख्खी इमारत स्पीकर, उंधियू आणि जिलब्यांसकट मुक्कामाला असते. रंग वाळताना एक मांज्याचा तुकडा उडून बसला तरी पुरे. फेब्रुवारी ठीक. मार्चपासून वारा आणि धूळ. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, कॅनचा ओला थेंबही हवेतच वाळायला लागतो, आणि त्याच महिन्यांत अगाशीवर साड्या अंथरून पापड-कुरडयांची वाळवणं पडतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा अगदी गोड आवाजात विचारलं, “अरे, तुझी ती फवारणी आमच्या कुरडयांवर तर येत नाही ना?” वारा उलट्या दिशेला होता. तरी कॅन घेऊन खाली आलो.

दमटपणा, धूळ, ऊन, शेजारी यातलं एकेक सोसता येतं. मला त्रास झाला तो वाट बघण्याचा. बॉडी घासून, प्रायमर मारून, पुसून तयार, हाताला शिवशिव, आणि मी खिडकीतून हवा बघत बसलोय. जुलैत जोडलेली गाडी ऑक्टोबरात रंगायची. छंदासाठी मला वेळ मिळतो तो रात्री साडेनऊनंतर, आणि त्या वेळी अगाशीवर ना उजेड असतो ना परवानगी.

एअरब्रशने हे काम खोलीत आणलं. खिडकीला पाइप काढलेला बूथ, आणि पावसाळ्यात आधी अर्धा-पाऊण तास एसी. दमटपणा मोजणारा एक स्वस्त हायग्रोमीटर भिंतीवर टांगलाय. काटा ६०-६५ च्या खाली आला की सुरू करतो. याला काही शास्त्रीय आधार देऊ शकणार नाही, माझ्या गाड्यांवर पांढरं आलेलं नाही एवढंच. शिवाय थिनर माझ्या हातात असतो. मिस्टर कलर या ब्रँडचा लेव्हलिंग थिनर घातला की त्यातल्या रिटार्डरमुळे रंग सावकाश वाळतो, त्याला सपाट व्हायला वेळ मिळतो आणि पाणी धरायची शक्यता घटते. कॅनमध्ये जे मिश्रण भरून आलंय ते तामियाच्या गावच्या, शिझुओकाच्या हवेत वापरा नाहीतर बडोद्याच्या, बदलता येत नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीत मात्र पावसाळ्यात पाणी साचतं. खालचा स्क्रू उघडून ते दर बैठकीनंतर सोडून द्यावं, नाहीतर ऐन बॉनेटवर एक थेंब थुंकला जातो.

रंग दुधाइतका पातळ करायचा, दाब १५ ते २० पीएसआयच्या आसपास, पहिले दोन थर नुसते धुक्यासारखे आणि मग एक ओला. कॅनची ती सुरुवातीलाच सांगितलेली चकाकी आता मला शेवटच्या ओल्या क्लिअरमध्ये बऱ्यापैकी मिळते. नाही मिळाली तर आठवडाभर वाळू देऊन ३००० नंबरच्या घासायच्या पेपरपासून पॉलिशपर्यंत जायचंच असतं, ते कॅनवाल्यालाही चुकत नाही.

मधला एक रस्ताही आहे. कॅनमधला रंग नळी लावून काचेच्या बाटलीत उतरवायचा आणि एअरब्रशने मारायचा. टीएसचे काही लाल आणि निळे मला एवढे आवडतात की मी हेच करतो. उतरवलेल्या रंगात गॅस विरघळलेला असतो. झाकण घट्ट न लावता काही तास मोकळ्या हवेत, आगीपासून दूर ठेवावा, बुडबुडे थांबले की मगच वापरावा. घाई केली तर बॉडीवर बारीक फोड येतात.

तरीही सगळ्यांनी कॉम्प्रेसर घ्यावा असं म्हणणार नाही. वर्षाला एक-दोन गाड्या, त्याही एकरंगी, आणि आजवा रोडकडे किंवा कुठेही स्वतःचं अंगण असलेला बंगला, असं असेल तर कॅन पुरेसा आहे. पैसे किटांवर घाला. फ्लॅटमध्ये राहत असाल, रात्रीच वेळ मिळत असेल आणि मनात एकदा जरी स्वतःची छटा घोळली असेल, तर कॅनवर वर्षभर खर्च करून मग एअरब्रशकडे यायचं, त्यापेक्षा आधीच आलेलं बरं. प्रायमर मात्र मी अजूनही कॅनचाच आणून ठेवतो, चेसिस आणि चाकांना. तो ऑक्टोबर ते फेब्रुवारीत एकदम उरकून घेतो.

कॅन मागवायचा ठरलाच तर दोन गोष्टी. ज्वलनशील एरोसोल विमानाने येत नाहीत, रस्त्याने येतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत रंगवायचं असेल तर नवरात्रातच ऑर्डर द्या. आणि डब्यावर टीएसच लिहिलंय ना ते बघून घ्या. तसाच दिसणारा पीएस आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहे, आपल्या प्लास्टिकवर तो चालत नाही.