कूलर झकास, पण बूच मागे कोण देतं? (एक उन्हाळा वापरून)

नागपूरचा माणूस. जुन्या लोखंडी कूलरच्या बॉडीत करंट उतरायला लागला म्हणून मार्चात हा प्लास्टिकचा, हनीकोंब पॅडवाला घेतला. टाकी किती लिटरची वगैरे खोक्यावर वाचा.

गारव्याला तोड नाही. नवतप्यात बाहेर 45 आणि मी दुपारी चादर ओढून झोपलेलो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, म्हणून हवा जितकी कोरडी तितका कूलर भारी. फक्त समोरची खिडकी उघडी लागते. पाहुणे येतात ते ‘गारवा जातो’ म्हणून ती लावून घेतात, आणि अर्ध्या तासात अंग चिकचिकतं! वीज दीड टनी एसीच्या जेमतेम सात-आठव्या हिश्श्याची.

आता बूच. टाकी रिकामी करायचं बूच मागच्या बाजूला, तेही तळाशी. आमचा कूलर दुसऱ्या मजल्यावर, खिडकीबाहेर स्टँडवर. हात पोचवायचा कुठून? डेंग्यूचे डास याच साचलेल्या पाण्यात होतात, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात; म्हणजे आठवड्याला टाकी कोरडी करणं आलंच. दर रविवारी प्लग काढायचा, बाजूची जाळी उतरवायची, मगाने पाणी उपसायचं, तळाला उरलेलं जुन्या बनियनने टिपायचं. बूच पुढे द्यायला कंपनीला किती पैसे जास्त लागले असते?

मेअखेर हवा कोमट यायला लागली. सर्व्हिसवाल्याने कूलर न उघडताच सांगितलं, ‘पॅड गेले, अठराशे.’ मलाही वाटलं, आपल्या गवताच्या ताट्या काय वाईट होत्या? स्वस्तात दरवर्षी नव्या. पण शेजारचे काका म्हणाले, ‘आधी वरची पन्हाळ बघ.’ बोअरच्या पाण्याच्या क्षाराने तिची भोकं बुजलेली, पॅडचा अर्धा भाग कोरडा ठणठणीत. दाभणाने भोकं मोकळी केली, पॅड पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून धुतले, कूलर पूर्ववत. पॅडबद्दलची तक्रार मागे घेतो. सर्व्हिसवाल्याने नुसतं बघायचे तीनशे नेले, ती तक्रार कायम.

पावसाळा लागला की मात्र पंप बंद करून नुसता पंखा चालवा. हवाच दमट असते तेव्हा कूलर दोन-तीन अंशांच्या वर उतरवत नाही, वर खोलीत ओल वाढवतो. ठाण्याचा मेहुणा फोटो बघून हाच मागवायला निघाला होता. त्याला म्हटलं, तुमच्याकडे मे महिनाच आमच्या जुलैसारखा, सरळ एसी घे.